समुद्रातील पाइपलाइनचे बांधकाम आणि पर्यावरण निरीक्षण : घाटावरून कोकणात उतरणाऱ्या चमूसाठी

कोल्हापूरहून आंबा घाट उतरला की रत्नागिरी आणि करूळ किंवा फोंडा घाट उतरला की सिंधुदुर्गाचा किनारा काही तासांत गाठता येतो. त्यामुळे किनारी प्रकल्पांच्या पर्यावरण निरीक्षणाचे काम कोल्हापुरातील प्रयोगशाळांकडे किंवा शिवाजी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या तरुणांकडे येणे स्वाभाविक आहे. मात्र पंचगंगेचे पाणी तपासण्यात हात बसलेला असला, तरी समुद्रतळावर तेलाची, वायूची किंवा सांडपाण्याची पाइपलाइन टाकली जात असताना करायचे निरीक्षण हे निराळे काम आहे. पाणी खारे असते, प्रवाह भरती-ओहोटीनुसार दिवसातून अनेकदा उलटतो, आणि त्रास देणारे यंत्र एका जागी न थांबता रोज पुढे सरकत असते.

या लेखाचा भर उपकरणांच्या यादीपेक्षा एका प्रश्नावर आहे. अमुक आकडा दिसला तर कोणी, किती वेळात आणि काय करायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरलेले आहे का? ते ठरलेले नसेल तर उत्तम उपकरणांनी घेतलेल्या नोंदीही सहामाही अहवालाच्या परिशिष्टात जाऊन बसतात आणि समुद्राला त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

पहिली पायरी : बांधकामाची पद्धत समजून घेणे

ठेकेदाराकडून बांधकाम पद्धतीचा दस्तऐवज मागवावा आणि तो अभियंत्याइतक्याच बारकाईने वाचावा. उथळ आणि मध्यम खोलीच्या समुद्रात बहुधा पाइप टाकणारा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नौका, वापरतात. सुमारे बारा मीटर लांबीचे पाइप त्याच्यावर एकापुढे एक वेल्ड केले जातात, सांध्यावर लेप दिला जातो आणि बार्ज पुढे सरकेल तशी पाइपलाइन मागून तळाकडे सोडली जाते. बार्ज जागेवर धरून ठेवण्यासाठी आठ ते बारा नांगर टाकलेले असतात आणि टग बोटी ते सतत उचलून पुढे नेत राहतात. अनेक चमू खंदकाकडेच लक्ष देतात आणि नांगरांनी तळावर ओढलेल्या चरांची नोंदच घेत नाहीत. नांगरांचा पट्टा खंदकाच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी रुंद असतो, म्हणून निरीक्षणाची हद्द नांगरांच्या टोकापर्यंत नेली पाहिजे.

किनाऱ्याजवळ खंदक खणण्यासाठी ड्रेजर किंवा लांब हाताचा एक्स्कॅव्हेटर असतो, तर खोल भागात पाण्याचा जोरदार झोत मारून पाइपखालचा गाळ उडवला जातो आणि पाइप आपल्या वजनाने खाली बसतो. जमिनीला टेकण्याच्या ठिकाणी पुळणीखालून आडवे छिद्र पाडले जात असेल, तर बेंटोनाइट या चिकणमातीचा चिखल वापरला जातो. शेवटी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाइपमध्ये पाणी भरून दाबाखाली घ्यावयाची चाचणी असते. या प्रत्येक टप्प्याचा त्रास वेगळा, त्याची वेळ वेगळी आणि त्यासाठी मोजायची राशीही वेगळी असते.

दुसरी पायरी : परवानग्यांमधील अटींचा तक्ता

भरती-रेषेच्या आसपासची जमीन आणि ओहोटी-रेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी किनारा नियमन क्षेत्रात म्हणजे सीआरझेडमध्ये येते. त्याची सध्याची मूळ अधिसूचना जानेवारी २०१९ची आहे. महाराष्ट्रात अशा प्रस्तावांची छाननी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण करते. प्रकल्पाच्या स्वरूपानुसार २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखालील मंजुरी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागू होते. त्या अधिसूचनेनुसार अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबर रोजी सादर करायचा असतो.

मंजुरीपत्रातील प्रत्येक अट तक्त्याच्या एका ओळीत लिहावी. तिच्यापुढे काय मोजायचे, कुठे, किती वेळा, जबाबदार कोण आणि पुरावा कोणता, हे नमूद करावे. ‘समुद्री जीवनावर विपरीत परिणाम होणार नाही याची काळजी घ्यावी’ अशा मोघम अटीचे मोजता येईल अशा वाक्यात रूपांतर करणे हे आपले काम आहे आणि ते रूपांतर प्राधिकरणाला आधीच कळवून ठेवणे शहाणपणाचे असते.

तिसरी पायरी : काम सुरू होण्यापूर्वीची मूळ स्थिती

कोकण किनाऱ्यावर समुद्रातील बांधकाम मुख्यतः पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबर ते मेच्या दरम्यान होते. मूळ स्थितीची नोंद त्याआधी किमान दोन ऋतूंत, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर घेतलेली असावी. प्रत्येक ऋतूत उधाणाच्या आणि भांगाच्या दोन्ही भरत्यांचे दिवस निवडावेत, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार प्रवाहात तळाचा गाळ आपोआप उठतो आणि अष्टमीच्या सुमारास तेच पाणी निवळ दिसते. रत्नागिरी-मालवणकडे भरतीची उंची मुंबईच्या मानाने कमी असल्यामुळे मुंबईच्या अहवालातील गढूळपणाचे आकडे उचलून इथे वापरणे चुकीचे ठरते.

पश्चिम किनाऱ्याची आणखी एक खोड माहीत असायला हवी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही आठवडे, ढोबळमानाने ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, खोल समुद्रातील कमी प्राणवायूचे पाणी उथळ पट्ट्यावर तळालगत सरकते. काम ऑक्टोबरमध्ये सुरू झाले आणि तळाच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी आढळला, तर दोष ड्रेजरचा की समुद्राचा, हे मूळ स्थितीच्या नोंदीशिवाय आणि लांबच्या तुलना-स्थानकाशिवाय, म्हणजे कामाचा परिणाम पोहोचत नाही अशा जागेवरील नोंदींशिवाय, कोणालाही सांगता येणार नाही.

तळाच्या गाळाचे नमुने घेताना केवळ वरचा थर उचलून भागत नाही. खंदक जेवढा खोल जाणार आहे तेवढ्या खोलीपर्यंत कोअर, म्हणजे नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना, घ्यावा आणि त्याचे थर वेगळे करून कणांचा आकार, सेंद्रिय कार्बन, जड धातू आणि पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासावेत. वरचा थर स्वच्छ असला, तरी खालचा काळा, प्राणवायूविरहित चिखल वर आला की सल्फाइडही बाहेर पडते आणि पाण्यातला प्राणवायूही खर्ची पडतो.

तळावरील जीवांसाठी व्हॅन व्हीन ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ जबड्यांत पकडून वर आणणारे साधन, वापरतात. एका स्थानकावर किमान तीन वेळा ग्रॅब टाकावा. जबडे नीट मिटले नसतील किंवा वरून चिखल सांडला असेल, तर तो नमुना फेकून पुन्हा घ्यावा. गाळ ०.५ मि.मी.च्या चाळणीतून धुऊन उरलेले जीव समुद्राच्या पाण्यात केलेल्या, बोरॅक्सने संतुलित केलेल्या फॉर्मालिनमध्ये ठेवावेत आणि रोझ बेंगॉल रंग घालावा, म्हणजे पुढे गुलाबी झालेले जीव वाळूतून वेचणे सोपे जाते.

चौथी पायरी : स्थानकांची मांडणी

स्थानके नकाशावर गोलाकार मांडण्याचा मोह टाळावा. गढूळ पाण्याचा पट्टा प्रवाहाच्या दिशेने लांबट पसरतो आणि कोकण किनाऱ्यावर हा प्रवाह बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला साधारण समांतर असतो. म्हणून स्थानके पाइपलाइनच्या दोन्ही अंगांना, प्रवाहाच्या रेषेवर, वाढत्या अंतराने ठेवावीत. उदाहरणार्थ २५० मीटर, ५०० मीटर, एक किलोमीटर आणि दोन किलोमीटर. गढूळपणा पोहोचणार नाही अशा अंतरावर दोन्ही बाजूंना एकेक तुलना-स्थानक असावे. त्याची खोली आणि तळाचा प्रकार प्रभावित स्थानकासारखाच असणे आवश्यक आहे. खडकाळ तळावरचे तुलना-स्थानक चिखलाच्या तळासाठी निरुपयोगी असते.

प्रवाळ, शिंपल्यांचे पट्टे, खाडीचे मुख, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढण्याच्या जागा ही संवेदनशील ठिकाणे वेगळी दाखवावीत, मग ती अंतराच्या गणितात बसोत वा न बसोत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून अस्तित्वात आहे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या आसपास अंतराचा प्रश्न गौण ठरतो.

या मांडणीचा सराव कोल्हापुरातच करता येतो आणि नव्या मुलांकडून तो करून घ्यावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे. प्रयाग चिखलीजवळचे संगमाखालील पाणी तुलना-स्थानक मानावे, जयंती नाला मिसळल्यानंतरचे पाणी प्रभावित स्थानक मानावे आणि दोन्हींकडे एकाच दिवशी, एकाच क्रमाने प्राणवायू, गढूळपणा आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) मोजावे. फरक काढण्याची, त्याची वही ठेवण्याची आणि ‘आज नाल्याला पाणी कमी होते’ अशी परिस्थितीची नोंद करण्याची सवय इथेच लागते. समुद्रात हलणाऱ्या बोटीवर ती नव्याने लागत नाही.

पाचवी पायरी : गोड्या पाण्याची प्रयोगशाळा खाऱ्या पाण्यासाठी तयार करणे

घाटावरच्या प्रयोगशाळांची खरी परीक्षा इथे असते, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. निलंबित घन पदार्थ मोजताना काचतंतूंच्या गाळणीत अर्धा मिलिलिटर समुद्राचे पाणी राहिले, तरी वाळल्यावर सतरा मिलिग्रॅम मीठ मागे उरते. निवळ दिवशी प्रत्यक्ष गाळ एका लिटरमध्ये तेवढाच असू शकतो, म्हणजे आकडा थेट दुप्पट होतो. यासाठी गाळून झाल्यावर गाळणी आणि तिची कडा ऊर्ध्वपातित पाण्याने किमान तीनदा धुवावी, आणि प्रत्येक तुकडीत गाळलेल्या स्वच्छ समुद्रजलाची एक कोरी चाचणी चालवावी. कोऱ्या चाचणीत वजन वाढले, तर धुणे अपुरे आहे असे समजावे.

समुद्रजलात क्लोराइड लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते. डायक्रोमेटने सीओडी (सेंद्रिय घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू) काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीत मर्क्युरिक सल्फेट घालूनही साधारण २,००० मिलिग्रॅमपर्यंतच्याच क्लोराइडचा अडथळा आवरता येतो. त्यामुळे समुद्रजलाचा नेहमीच्या पद्धतीने काढलेला सीओडी हा बहुतांशी मिठाचाच आकडा असतो. अहवालात तो देण्याऐवजी एकूण सेंद्रिय कार्बन आणि २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांचा बीओडी द्यावा. धातूंच्या मापनातही मिठाचा अडथळा येतो, म्हणून समुद्रजलावर प्रमाणित केलेली पद्धत असलेल्या प्रयोगशाळेकडेच ते नमुने पाठवावेत.

विरघळलेल्या प्राणवायूच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला क्षारतेचा. २८ अंशांना गोडे पाणी लिटरला सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, समुद्राचे पाणी मात्र सुमारे ६.४ मिलिग्रॅमच. मीटरमध्ये क्षारता भरली नाही, तर प्रत्येक वाचन फुगलेले येते. दुसरा सापळा उंचीचा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंचावर असल्यामुळे इथे हवेचा दाब कमी असतो आणि दाबाची दुरुस्ती स्वतः न करणारा मीटर इथे अंशांकित करून तसाच खाली नेला, तर सहा-सात टक्क्यांची तफावत पडते. अंशांकन किनाऱ्यावर, त्या दिवशीच करावे आणि दिवसातून एक-दोन नमुने विंकलर या रासायनिक अनुमापन पद्धतीने पडताळून पाहावेत. विंकलरच्या बाटलीत मँगेनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड बोटीवरच घालावे लागते.

कोणता नमुना घाट चढून येऊ शकतो आणि कोणता नाही, हेही आधी ठरवावे. आम्लीकरण केलेले धातूंचे आणि काचेच्या बाटलीतील तेल-ग्रीसचे नमुने निवांत येऊ शकतात. गाळ आणि तळजीव यांनाही घाई नसते. क्लोरोफिलसाठी पाणी त्याच दिवशी अंधारात गाळून गाळणी गोठवावी. बीओडी आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म यांचे नमुने मात्र बर्फात ठेवूनही काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचायला हवेत. दुपारी बोट बंदराला लागली आणि घाट मोकळा असला, तर रात्री कोल्हापुरात चाचणी लावणे शक्य होते. पण घाटात दरड कोसळली किंवा ट्रक अडकला की नमुना वाया जातो. किनाऱ्याजवळ एक खोली भाड्याने घेऊन तिथे इन्क्युबेटर आणि गाळण यंत्र बसवणे, हाच खरा उपाय आहे. त्याचा खर्च निविदा भरतानाच धरावा.

सहावी पायरी : इशारा-पातळी आणि तिच्यापुढील कृती

गढूळपणा हा या कामाचा मुख्य रोजचा आकडा आहे, कारण तो सेन्सरने लगेच मिळतो. पृष्ठभागाखाली आणि तळाच्या वर एकेक सेन्सर लावून दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंद घ्यावी. सेन्सरच्या काचेवर शेवाळ आणि बार्नॅकल फार लवकर धरतात, तेव्हा ब्रश असलेला सेन्सर वापरला, तरी आठवड्यातून एकदा तो वर काढून स्वच्छ करावा आणि आधीचे-नंतरचे वाचन टिपावे. खंदकाच्या जागेचाच गाळ त्या समुद्राच्या पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून एनटीयू (गढूळपणाचे एकक) आणि लिटरमागील गाळाचे मिलिग्रॅम यांची सांगड घालणारी रेषा काढावी. दुसऱ्या खाडीच्या गाळावरून काढलेली रेषा इथे चालत नाही, कारण तेवढ्याच वजनाचा बारीक चिखल वाळूपेक्षा कितीतरी जास्त गढूळ दिसतो.

किनारी पाण्याच्या राष्ट्रीय निकषांत स्नान आणि व्यावसायिक मासेमारीच्या एसडब्ल्यू-दोन वर्गासाठी गढूळपणा ३० एनटीयू, प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के यांपैकी जे जास्त असेल ते, आणि बीओडी ३ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. त्या पाळाव्याच लागतात, पण रोजच्या निर्णयासाठी त्या अपुऱ्या आहेत. एखाद्या प्रवाळाच्या जागी नेहमीचा गढूळपणा ३ एनटीयू असेल, तर २५ एनटीयू कायद्यात बसूनही घातक ठरतो. उलट, खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या दिवशी निसर्गच ३० ओलांडू शकतो.

म्हणून इशारा-पातळी प्रभावित आणि तुलना-स्थानकांतील फरकावर बेतावी. मूळ स्थितीच्या काळातील या फरकांची क्रमवारी लावून ८० वे आणि ९५ वे शतमक, म्हणजे ८० आणि ९५ टक्के नोंदी ज्यांच्या खाली राहतात ते आकडे, काढावे. समजा ते अनुक्रमे ६ आणि १५ एनटीयू आले. मग लेखी नियम असा होऊ शकतो : सहा तासांच्या सरकत्या मध्यकाचा (क्रमाने लावलेल्या नोंदींतील मधल्या आकड्याचा) फरक ६ च्या वर गेला, तर निरीक्षक तासाभरात बार्जवरील पर्यवेक्षकाला कळवतो, सेन्सर तपासतो आणि बोट पाठवून हाताने वाचन घेतो. सलग दोन भरती-चक्रे तो वरच राहिला, तर झोताचा दाब किंवा ड्रेजिंगचा वेग कमी केला जातो. फरक १५ च्या वर सलग सहा तास राहिला, तर त्या भागातील खोदकाम थांबते आणि आकडा ६ च्या खाली आल्याशिवाय सुरू होत नाही. सरासरीऐवजी मध्यक घेण्याचे कारण असे की सेन्सरसमोरून एक खेकडा गेला तरी सरासरी उडी मारते.

या नियमावर प्रकल्प मालक, ठेकेदार आणि निरीक्षक या तिघांच्या सह्या हव्यात, आणि थांबवण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे हे त्यात स्पष्ट हवे. बार्जचे दिवसाचे भाडे प्रचंड असते. रात्री दोन वाजता काम थांबवा असे सांगणारा कनिष्ठ निरीक्षक केवळ विनंतीच्या बळावर टिकत नाही.

सातवी पायरी : प्राणी, कासवे आणि मच्छीमार

हम्पबॅक डॉल्फिन सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात नेहमी दिसतात. किनाऱ्याला टेकण्याच्या जागी शीट पाइल (जमिनीत ठोकायचे पोलादी पत्रे) ठोकायचे असतील, तर ब्रिटनच्या जेएनसीसी या संस्थेचे नियम वापरण्याचा प्रघात आहे. ठोकण्यापूर्वी किमान ३० मिनिटे प्रशिक्षित निरीक्षकाने ५०० मीटरच्या परिघात पाहणी करावी, प्राणी दिसल्यास सुरुवात लांबवावी, आणि पहिली किमान २० मिनिटे हळूहळू जोर वाढवावा. अंधारात किंवा लाटा उसळलेल्या असताना ही पाहणी निरर्थक असते, म्हणून पाइल ठोकण्याची सुरुवात दिवसाउजेडी ठेवावी.

ऑलिव्ह रिडले कासवे कोकणच्या पुळणींवर साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात आणि पिल्ले मेपर्यंत बाहेर पडत राहतात. दुर्दैवाने बांधकामाचा हंगामही हाच आहे. पुळणीवर पहाटे पावलांच्या खुणांची रोज पाहणी, वन विभाग आणि कांदळवन कक्षाशी आधीच ठरवलेला संपर्क, आणि समुद्राकडे तोंड करून एकही दिवा नसणे, या किमान अटी आहेत.

मच्छीमारांशी बोलणे हा शिष्टाचाराचा भाग मानू नये. मच्छीमार सहकारी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना नांगरांच्या जागा आणि बार्जचे पुढील आठवड्याचे वेळापत्रक मराठीत, नकाशासह द्यावे. जाळे तुटल्याची तक्रार आली, तर तारीख, वेळ, जीपीएस जागा आणि छायाचित्र अशी नोंद करावी. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळातील मासळीचे आकडे तुलनेत धरू नयेत. गढूळ पाण्याचा पट्टा कुठवर गेला हे अनेकदा सेन्सरच्या आधी रापणकरांना कळते. त्यांच्या फोनची वेळही वहीत लिहावी.

आठवी पायरी : बेंटोनाइट आणि हायड्रोटेस्टचे पाणी

आडव्या छिद्रासाठी पाठवलेला आणि परत आलेला चिखल यांचे आकारमान दर तासाला जुळवावे. दाब अचानक घसरला किंवा परत येणारा चिखल घटला, तर तो मधेच कुठेतरी तळातून फुटून वर येतो आहे असे धरून तातडीने बोट पाठवावी.

हायड्रोटेस्टच्या पाण्यात प्राणवायू शोषणारे बायसल्फाइट, जिवाणूनाशक, गंजरोधक आणि गळती दिसावी म्हणून फ्लुरोसिन रंग घातलेला असतो. हे पाणी समुद्रात सोडण्यापूर्वी रसायनांची नावे, मात्रा आणि विषारीपणाची माहितीपत्रके ताब्यात घ्यावीत. शक्य तेथे मात्रा कमी करून घ्याव्यात. विसर्ग ओहोटीच्या जोरदार प्रवाहात, संथ गतीने आणि संवेदनशील जागांपासून दूर असावा, आणि त्याच्या खालच्या अंगाला प्राणवायू दर अर्ध्या तासाने मोजावा. हिरवा रंग दिसताच किनाऱ्यावर घबराट पसरते, म्हणून विसर्गाची तारीख गावाला आधी कळवावी.

जहाजांच्या बिल्ज पाण्यातील (जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्यातील) तेलाची १५ पीपीएमची मर्यादा, कचऱ्याची नोंदवही आणि मैलापाण्याची व्यवस्था जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार तपासावी. हे काम कागदोपत्री आहे, पण महिन्यातून एकदा अचानक जाऊन करावे.

काम संपल्यानंतर

खंदक बुजल्याची खात्री साइड-स्कॅन सोनार (ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढणारे उपकरण) आणि खोलीमापनाने करावी. त्यात नांगरांचे चर किती भरले तेही पाहावे. तळजीवांचे नमुने त्याच स्थानकांवर, त्याच ग्रॅबने, त्याच चाळणीने सहा महिन्यांनी, एक वर्षाने आणि दोन वर्षांनी घ्यावेत. मधे चाळणी बदलली, तर तुलना संपली. एकूण संख्या लवकर भरून येते, कारण संधिसाधू कृमी प्रथम वसतात. त्यामुळे संख्येपेक्षा प्रजातींची रचना तुलना-स्थानकाकडे परतते आहे का, हे पाहावे, आणि मूळ स्थितीपासूनची कच्ची वाचने, अंशांकनाच्या वह्या आणि वेचलेले जीव प्राधिकरणाने अंतिम अहवाल स्वीकारेपर्यंत एकाच कपाटात जपून ठेवावेत.